स्वच्छ वीज आणि वेशीबाहेरची माणसं

(विटा येथे तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडी काटछाट करून.)



काल भिंतीवर पोस्टर लावत होतो. यंत्रमागावर काम करणारा एक पोरगा थांबला. विषय वाचला त्यानं : 'शेजारी देश, स्वच्छ वीज आणि हवामान'. मला म्हणाला, "दादा, नेपाळच्या विजेचं आपल्याला काय? इथं मीटरचं बिल भरता भरता दम निघतोय."

प्रश्न रास्त आहे. आज मी त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला उभा आहे. तो पोरगा मागच्या रांगेत बसलाय. त्याला पटलं तर माझं भाषण जमलं, नाहीतर गेलं पाण्यात.

पहिली गोष्ट, नेपाळ विट्याला वाटतं तेवढं लांब नाही. ह्या खानापूर-आटपाडीच्या माळावरून माणसं गलाईच्या धंद्याला देशभर पांगली. पाऊस नाही, शेत नाही, मग काय करणार? सोनं-चांदी गाळायला गेली. कुणी केरळात, कुणी पंजाबात, कुणी पार काठमांडूला. आमच्या वाड्यातला माझा एक चुलतभाऊ असाच एका दुकानात पोऱ्या म्हणून काठमांडूला होता. मुशीपुढं बसायचा, तेजाबाचा धूर गिळायचा. २००९ च्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "इथं दिवसातनं सोळा सोळा तास लाईट नसते." मी म्हणालो, "अरं, विट्यात तरी कुठं असते?" तेव्हा आपल्याकडं भारनियमन होतं. माग बंद म्हणजे मजुरी बंद. दोन देशांत आम्ही दोघं भाऊ अंधारात बसून फोनवर बोलत होतो. आणि त्याच्या डोक्यावर हिमालयातल्या नद्या खळाळत समुद्राकडं चालल्या होत्या.

त्या पाण्याची वीज का होत नव्हती? झाली तर ती शेजाऱ्याला का जात नव्हती? आणि आता जायला लागली आहे, तर ती कुणाच्या घरात जाते? हे तीन प्रश्न आहेत.

हे प्रश्न आपल्या माणसानं पहिल्यांदा विचारलेत असं समजू नका. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. पाटबंधारे आणि वीज त्यांच्याच खात्यात. बाबासाहेब म्हणजे घटना, बाबासाहेब म्हणजे राखीव जागा, एवढंच आपल्या पोरांना शिकवतात. विजेचे बाबासाहेब कुणी सांगत नाही. १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला, कलकत्त्याची वाट तुटली. ती नदी उगवायची तेव्हाच्या बिहारात आणि बुडवायची बंगालला. धरणं बांधायची बिहारच्या जमिनीवर, पूर आवरायचा बंगालचा. दोन शेजारी प्रांत, दोघांचे हिशेब वेगळे. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात बाबासाहेबांनी दोन्ही प्रांतांना एका बैठकीत समोरासमोर बसवलं. नदी एक, तर तिचा कारभारही एकत्र, ही भूमिका. पुराचं पाणी साठवा, त्याची वीज करा, शेती भिजवा, नावा चालवा. आणि वीज कशाला? तर ती स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय कारखाने उभे राहणार नाहीत, आणि कारखान्याशिवाय जमिनीवर दाटीवाटीनं तुंबलेला माणूस दारिद्र्यातून सुटणार नाही. वीज हा त्यांच्या दृष्टीनं माणूस सोडवायचा प्रश्न होता. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला.

पुढं काय झालं तेही सांगतो, कारण आपण भक्त नाही. तिलैया, कोनार, मैथन, पंचेत ही धरणं झाली. त्यात आदिवासींची, दलितांची गावं बुडाली. आणि पुढं त्याच महामंडळाची बहुतेक वीज कोळशावर होऊ लागली. बाबासाहेबांनी दोन प्रांतांना एकत्र बसवलं, पण ज्यांची गावं बुडाली त्यांना त्या बैठकीत खुर्ची नव्हती. ही उणीव तेव्हापासूनची आहे.

आणि आणखी एक. नोव्हेंबर १९५६ मध्ये, धम्मदीक्षेनंतर महिन्याभरानं, तब्येत ढासळलेली असताना बाबासाहेब काठमांडूला गेले. जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले. त्यानंतर तीन आठवडे उलटायच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. म्हणजे शेजाऱ्याशी नातं जोडायला तो माणूस शेवटच्या दिवसांत सीमा ओलांडून गेला होता. तेव्हा नेपाळचं आपल्याला काय, असं आपल्याला म्हणता येत नाही.

आता आजचा व्यवहार बघू. नेपाळच्या नद्या पावसाळ्यात फुगतात, हिवाळ्यात आटतात. म्हणून पावसाळ्यात त्यांच्याकडं वीज उरते, हिवाळ्यात तुटते. भारताकडं दिवसा सूर्याची वीज वाढली आहे, पण सूर्य मावळला की मागणी तशीच राहते. बांगलादेशाचा भर गॅसवर आणि बाहेरून आणलेल्या इंधनावर. तिघांची गरज वेगवेगळ्या वेळेची. एकाचं उरतं तेव्हा दुसऱ्याला लागतं. गावाकडं नाही का, एकाचा बैल मोकळा असतो तेव्हा दुसऱ्याची पेरणी असते? आपण त्याला सावड म्हणतो. आंतरराष्ट्रीय भाषेत त्याला ऊर्जा सहकार्य म्हणतात. सावडच ती.

नोव्हेंबर २०१४ ला काठमांडूत सार्कची शिखर परिषद झाली, तिथं सगळ्या दक्षिण आशियाच्या देशांनी विजेच्या सहकार्याचा करार केला. त्यानंतर सार्कची शिखर परिषदच झालेली नाही. २०१६ ची इस्लामाबादची ठरली होती, ती रद्द झाली. तरी तारा जोडत गेल्या. भारत-बांगलादेश तार २०१३ साली सुरू झाली. २०१६ साली मुजफ्फरपूर ते धल्केबर ही तार सुरू झाली आणि भारताची वीज घेऊन काठमांडूचा अंधार हटला. २०२१ साली गंगा उलटी वाहिली : नेपाळ भारताच्या बाजारात वीज विकू लागला, सुरुवात ३९ मेगावॅटची. जानेवारी २०२४ ला करार झाला, दहा वर्षांत भारत नेपाळकडून १०,००० मेगावॅटपर्यंत वीज घेणार. ३ ऑक्टोबर २०२४ ला नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांचा तिहेरी करार झाला, आणि १५ नोव्हेंबर २०२४ ला नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोचली. चाळीस मेगावॅट म्हणजे फार नाही. पण तीन देशांच्या तारेतून एक प्रवाह वाहिला. मला ह्याचा आनंद आहे, हे मी आधी सांगतो. दोन देश एकमेकांवर बंदुका रोखण्यापेक्षा तारा जोडत असतील तर आपण टाळी वाजवली पाहिजे.

आणि गरज खरी आहे. हिमालयाचं बर्फ वितळतंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये ल्होनाक तलाव फुटला आणि चुंगथांगचं तिस्ता नदीवरचं १,२०० मेगावॅटच्या प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. वरच्या तलावाची खबर खालच्या गावाला वेळेत लागत नसेल तर शेजार कसला? पूर पासपोर्ट बघत नाही. तेव्हा वीज असो, पूर असो, दुष्काळ असो, शेजाऱ्यांनी एकत्र बसल्याशिवाय भागणार नाही. इथपर्यंत सरकार आणि मी एकमतानं आहोत.

इथून पुढं भांडण आहे.

ह्या बैठकीत बसतं कोण? भूतान घ्या. १९८० च्या दशकात भारताच्या पैशानं चुखाचा ३३६ मेगावॅटचा प्रकल्प झाला. साठ टक्के अनुदान, चाळीस टक्के कर्ज, आणि उरलेली वीज भारताला. पुढं ताला झाला, मांगदेछू झाला. सहकार्याचा आदर्श म्हणून ह्याचं नाव घेतात. पण त्याच भूताननं १९९० च्या सुमारास नेपाळी बोलणाऱ्या आपल्याच लाखभर लोकांना हाकलून दिलं. वर्षानुवर्षं ती माणसं नेपाळच्या छावण्यांत कुजली. वीज सीमेवरून बिनबोभाट येत राहिली. तारेला सीमा नाही, माणसाला आहे.

नेपाळ घ्या. तिथं सुमारे तेरा टक्के लोक दलित आहेत. कामी, दमाई, सार्की. लोहार, शिंपी, चांभार. आपलीच माणसं. २०१५ च्या त्यांच्या घटनेत भूमिहीन दलिताला एकदा जमीन देण्याचं कलम आहे. कागदावर आपल्यापेक्षा पुढं. पण मे २०२० मध्ये पश्चिम रुकुम जिल्ह्यात एका दलित पोरानं वरच्या जातीच्या पोरीवर प्रेम केलं. जमाव मागं लागला. तो आणि त्याचे मित्र अशी सहा पोरं मेली, भेरी नदीत त्यांची प्रेतं सापडली. आपल्या खर्ड्याची २०१४ ची आठवण येते की नाही? ज्या नद्यांची वीज आपण विकत घेणार, त्याच देशातल्या एका नदीत आपल्या जातभावांची प्रेतं वाहिली.

नेपाळात एक चांगला नियम आहे. जलविद्युत कंपनीनं प्रकल्पग्रस्त स्थानिकांसाठी दहा टक्के शेअर राखून ठेवायचे. ऐकायला छान. पण ज्याच्याकडं जमीनच नाही तो कसला प्रकल्पग्रस्त? आणि ज्याच्या खिशात पैसा नाही तो शेअर कशानं घेणार? म्हणजे नियम चांगला, आणि दलित बाहेर. आपल्याकडचाच कित्ता.

आणि भारत सरकारनं शेजाऱ्याला काय सांगितलंय? ज्या प्रकल्पात चीनचा पैसा, त्याची वीज आम्ही घेणार नाही. सुरक्षेची कारणं असतील. पण गिऱ्हाईक एकच असलं की दुकानदाराची काय गत होते, हे विट्याच्या मागवाल्याला सांगायला नको. कोशीचा १९५४ चा आणि गंडकचा १९५९ चा करार नेपाळी माणसाच्या मनात अजून सलतो. आणि ऑगस्ट २००८ मध्ये नेपाळच्या हद्दीत कोशीचा बांध फुटला तेव्हा इकडं बिहारात बुडाली ती गरीबच माणसं. दोन्ही काठांवरचा गरीब बुडतो, आणि दोन्ही काठांवरचे साहेब एकमेकांना शाल घालतात.

आता घरी येऊ. दिल्ली-काठमांडूला नावं ठेवायच्या आधी आपलं अंगण बघू.

'स्वच्छ वीज' हा शब्द आपल्याकडं नवा नाही, नुसतं नाव नवं आहे. सह्याद्रीत टाटांची पाण्याची वीज १९१५ साली खोपोलीला सुरू झाली. धूर नाही, राख नाही. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. तिच्यासाठी मुळशीच्या मावळ्यांची जमीन बुडाली, म्हणून १९२१ साली सत्याग्रह झाला. आणि त्या स्वच्छ विजेवर चालणाऱ्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला पाऊल टाकता येत नव्हतं, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपलं तोंड बाटगं होतं. बाबासाहेबांनी गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांना विचारला. वीज स्वच्छ, माग स्वच्छ, फक्त माणूस अस्वच्छ! विट्यातल्या मागवाल्या पोरा, हा तुझ्या धंद्याचा इतिहास आहे, लक्षात ठेव.

कोयना घ्या. आपल्या शेजारच्या पाटण तालुक्यात. १,९६० मेगावॅट. महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात तिला. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी डोंगर फोडून कोकणात सोडलं, वीज केली, आणि ते पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्रात गेलं. त्या विजेनं मुंबई-पुणं उजळलं. आणि खानापूर, आटपाडी, जत ह्या कृष्णा खोऱ्यातल्याच दुष्काळी माळावर बायका टँकरपुढं रांगा लावत राहिल्या. कोयनेच्या धरणग्रस्तांना तर साठ वर्षांनंतर, २०१८ साली, कोयनानगरला ठिय्या मारून बसावं लागलं. स्वच्छ विजेची थकबाकी आहे ही.

आणि शेजाऱ्याचं म्हणाल, तर सांगली-सातारा आणि कर्नाटक हे शेजारीच. वर कोयना, खाली आलमट्टी, मधे सांगली. २००५ ला पूर, २०१९ ला पूर. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटली, माणसं बुडाली. मग चर्चा सुरू : दोष आलमट्टीचा की कोयनेचा? आपल्या सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं सांगितलं की सांगलीच्या पुराला आलमट्टी कारण नाही. तरी भांडण चालूच. आलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करायला कृष्णा लवादानं २०१० साली कर्नाटकाला परवानगी दिली, त्यावरून आज पुन्हा रान पेटलंय. जून २०२१ ला दोन राज्यांची बंगळुरात बैठक झाली, पाण्याची माहिती एकमेकांना द्यायचं ठरलं. बाबासाहेबांनी दामोदरवर १९४५ ला जे केलं, ते आपण शहात्तर वर्षांनी पुरापुरतं करायला बसलो! १९५६ साली देशात नदी मंडळांचा कायदा झाला, त्या कायद्याखाली एकही मंडळ उभं राहिलं नाही. घरातली दोन राज्यं एका नदीवर एकत्र बसत नाहीत, आणि आपण जगाला सहकार्य शिकवायला निघालो.

मग वाट कुठली? दोस्तांनो, वाट लांब नाही. इथून थोड्या अंतरावर येरळा नदी आहे. तिच्यावर तांदुळवाडी-बलवडीचं बळीराजा धरण आहे. १९८० च्या दशकात ह्याच खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीनं आणि शेतकऱ्यांनी ते उभं केलं. नदीतली वाळू ठेकेदार लुटत होते. लोकांनी भांडून ती वाळू स्वतः विकायचा हक्क मिळवला आणि तो पैसा धरणाला लावला. आणि पाण्याचं तत्त्व काय ठरवलं? पाणी जमिनीच्या मापानं वाटायचं नाही. माणसाच्या मापानं वाटायचं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. पुढं नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकरांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून हीच समन्यायी वाटपाची मागणी दुष्काळी तालुक्यांतून उठवली.

हे तत्त्व तारेला लावा, आणि मग माझ्या भाषणाचा अर्थ कळेल. वीज जमिनीच्या मापानं नको, भांडवलाच्या मापानं नको, माणसाच्या मापानं वाटा. आज काय आहे? टेंभूचं पाणी कृष्णेतून उचलून आपल्या माळावर येतं, आलं याचा आनंद आहे. ते उचलायला वीज लागते. त्या बिलातले ८१ टक्के सरकार भरतं, १९ टक्के शेतकरी. चांगलंय. पण ज्याच्याकडं गुंठाभर जमीन नाही त्याला ह्या ८१ टक्क्यांतलं काय मिळालं? दुसऱ्याच्या बांधावरची खुरपणी.

आणि आता शेवटचा, सगळ्यात जवळचा मुद्दा. त्याच्यासाठीच मी नेपाळहून तुम्हाला फिरवून आणलं.

सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ ला सुरू झाली, २०२३ ला तिची दुसरी आवृत्ती आली. गावाच्या उपकेंद्राजवळ सौर पॅनेल बसवायची, शेतीला दिवसा वीज द्यायची. योजना वाईट नाही. रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्याला साप चावतो, हे मी बघितलंय. खाजगी जमीन दिली तर मालकाला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं. पण जिथं सरकारी जमीन आहे तिथं सरकारी जमीन, गायरान, नाममात्र भाड्यानं. आता सांगा, गायरानावर कोण आहे? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले. लाखो माणसं तुरुंगात गेली, बाया लेकरं काखेत घेऊन गेल्या. त्या लढ्यातून आपल्या माणसांनी गायरानं कसली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नावावर करायचा निर्णय सरकारनं १९९१ ला काढला. किती जणांच्या सातबाऱ्यावर नाव चढलं? हात वर करा. बघा. किती कमी हात आहेत ते सगळ्यांनी बघा.

ज्याचं नाव चढलं नाही, तो कागदावर अतिक्रमणदार. उद्या त्याच्या ज्वारीवर पॅनेल उभं राहिलं तर त्याला सव्वा लाख नाहीत, नुकसानभरपाई नाही, नोटीस आहे. गावच्या बागायतदाराला भाडं, आपल्याला नोटीस. आणि पॅनेलवरची धूळ धुवायला, रात्रीची राखण करायला रोजंदारीवर कोण जाईल? ज्याची जमीन गेली तोच. पृथ्वी वाचवायचा खर्च पुन्हा आपल्याच खात्यावर. ज्यांनी मोटारी उडवल्या, गारेगार बंगले बांधले, त्यांनी हवा तापवली, आणि तिला थंड करायला जमीन द्यायची आपण!

माझी आई सांगायची. गावात लाईट आली तेव्हा डांब वेशीपर्यंत येऊन थांबले. आमच्या वाड्यात यायला पुढं कित्येक वर्षं लागली. संध्याकाळी वेशीत जाऊन उभं राहायचं आणि गावातला उजेड बघायचा. तार दोनशे पावलांवर होती. दोनशे पावलं. काठमांडूहून ढाक्याला वीज पोचते दोस्तांनो, त्या दोनशे पावलांना मात्र वर्षं लागली. शेजारी देश म्हणजे कोण, हा प्रश्न दिल्लीवाल्यांचा. शेजारी म्हणजे कोण, हा आपला. वेशीच्या आतला माणूस आपल्याला शेजारी मानत नाही तोवर सगळे करार अर्धे.

म्हणून आपण घरी बसून शिव्या द्यायच्या नाहीत. चार कामं करायची. एक, आपापल्या गावात गायरान किती, कोण कसतो, कधीपासून, पुरावा काय, ह्याची यादी महिन्याभरात करायची. दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, तुरुंगवासाचे कागद, सगळं गोळा करायचं. दोन, गायरानावर सौर प्रकल्प येणार असेल तर ग्रामसभेत उभं राहून म्हणायचं : कसणाऱ्याचं नाव आधी, पॅनेल मागनं. आणि पॅनेल आलंच तर खाजगी मालकाला जेवढं भाडं, तेवढंच कसणाऱ्या भूमिहीनाला. तीन, कृष्णेच्या पाण्याची आणि पुराची माहिती दोन्ही राज्यांनी नदीकाठच्या वस्तीपर्यंत रोज पोचवावी, ही मागणी सांगलीतनंही करायची आणि पलीकडच्या विजापूर-बागलकोटच्या दलित संघटनांना घेऊनही करायची. आपला झेंडा निळा, त्यांचाही निळा. साहेब बंगळुरात भेटतात, आपण सीमेवर भेटू. चार, गलाईच्या निमित्तानं नेपाळात असलेल्या आपल्या पोरांनी तिथल्या दलित पोरांशी ओळखी वाढवाव्यात. करार सरकारं करतात. सोयरीक माणसं करतात.

मागच्या रांगेतल्या मागवाल्या दोस्ता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. नेपाळच्या विजेचं आपल्याला एवढ्यासाठी, की तिथंही तार आधी गेली आणि माणूस वेशीबाहेर राहिला. गायरानाची यादी उद्या सकाळी आठला इथंच बसून सुरू करायची आहे. तुझं अक्षर बरं आहे असं ऐकलंय. वही-पेन घेऊन ये.

जय भीम!